आण्णांच्या नावाचा रेडिओ

ब्राह्मणपुरी, मंगळवार, संध्याकाळ

गाडीतला रेडिओ आज पुन्हा मुका झाला. तोरणमाळच्या घाटात फोनला रेंज नसते, म्हणून उपग्रहावर चालणारा घेतला, तोही लाइफटाइम प्लॅनचा. आमच्यात नवी वस्तू घरातल्या थोरल्याच्या नावावर घ्यायची रीत, म्हणून गाडी आणि प्लॅन दोन्ही वडिलांच्या, आण्णांच्या नावावर. मूर्खपणा माझाच. लाइफटाइम म्हणजे नाव असलेल्या माणसाची हयात, हे तेव्हा कुठे वाचलं?

आता मधूनमधून रेडिओ बंद पडतो. कंपनीला फोन केला की तिथली मुलगी विचारते, "ग्राहक हयात आहेत का? त्यांनाच बोलायला द्या."

आज आण्णांच्या कानाला फोन लावला. पडल्यापडल्याच म्हणाले, "हाव माय, जित्ता शे मी आजून."

"सॉरी सर, आमच्याकडे नोंदवलेल्या आवाजाशी हा आवाज जुळत नाही."

जुळत नाही! आठवडाभरात आण्णांचा आवाज किती खोल गेलाय, मला कळलं नव्हतं का? कळलं होतं.

आणि हे फक्त इथेच लिहितो. हल्ली सकाळी उठलो की मी आधी गाडीत बसून रेडिओ लावून बघतो, मग आण्णांच्या खोलीत जातो.

उद्या रेडिओ मुकाच असणार. आधी खोलीतच जावं लागेल.