तिलीलाच्या शेजारची जागा

प्रिय हम्मूदादा,

कसा आहेस, असं विचारत नाही. तू "बरा आहे" म्हणणार, आणि ते खोटं आहे हे मला लगेच कळणार. इकडे अक्रोड उतरवून झाले, सगळ्या बायकांचे हात काळे झालेत. रकिया मावशी अजून ठणठणीत आहे आणि अजून सगळ्या गावाच्या चुका काढते. नवी शाळा बांधून झाली. पुढच्या महिन्यात पत्र्याच्या खोलीतून मुलांना तिथे न्यायचंय, आणि माझा जीव टांगणीला लागलाय तो त्यामुळेच. भूकंपात फादमा गेली तेव्हापासून तुझी लेक छपराखाली पाय ठेवत नाही. नऊ वर्षांची घोडी झाली, पण अख्खा वर्ग आत असताना ही दाराबाहेर दगडावर बसून धडे गिरवते. नव्या शाळेतही बाहेरच बसली, तर हिवाळ्यात बर्फात कुठे बसवू मी तिला?

धरणी हलायची थांबली, पण मुलांच्या पायांना ते कुणी सांगितलंच नाही. सपाट जागेवर चालताचालता धडपडतात. माराकेशहून एक डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, यांचा तोल भेदरलाय, रोज थोडा थोडा व्यायाम करून घ्या. मग मी चुन्याची रेघ आखली. पुढच्या पायाच्या टाचेला मागच्या पायाचा अंगठा लावत तिच्यावरून चालायचं. एका पायावर बगळ्यासारखं उभं राहायचं. घडी घातलेल्या घोंगडीवर उभं राहायचं. आणि हे सगळं नीट जमलं की तेच डोळे मिटून. बाकी सगळं जमलं, पण डोळे मिटायची कुणाची छाती होईना. तिलीला तर डोळे मिटले की धाडकन खाली. ढोपरं सोलून निघाली पोरीची.

मग मी दीडशहाणी! म्हटलं, आपल्या लोकांचे पाय डफाशिवाय हलतात का कधी? तुझा मोठा डफ शेकोटीवर धरून तापवला, कातडं चांगलं ताणलं, आणि पत्र्याच्या खोलीत दिली थाप. अगं आई गं! सगळी जमीन खालून घुमली. पोरं किंचाळत बाहेर पळाली. तिलीला सापडली ती थेट नदीकाठी, एका खडकाला मिठी मारून बसलेली. मावशीनं मला भर रस्त्यात झापलं, "सुतकात लग्नंसुद्धा मुक्यानं लागली गावात, आणि ही मास्तरीण डफ बडवते! अक्कल गहाण टाकलीस का गं?" मी मान खाली घालून ऐकलं.

पण डफ गेला तरी नाचातली रांग होतीच ना. दुसऱ्या दिवशी मुलींना खळ्यावर नेलं आणि अहवाशच्या नाचात बायका उभ्या राहतात तशा खांद्याला खांदा लावून उभ्या केल्या. ताल नाही, गाणं नाही. नुसते गुडघे मोडायचे, पुन्हा सरळ व्हायचं. एक डुलली की दोन्हीकडच्या सावरतात. आणि दादा, हळूहळू डोळे मिटले की रे त्यांनी! तिलीलानंसुद्धा. तिची अट एकच, डाव्या हाताला कुणी उभं राहायचं नाही. एक माणूस मावेल एवढी जागा ती मोकळी ठेवते. बाकीच्या मुलींनी काही न विचारता ती सोडली. एकदा मीच चुकून तिथे उभी राहिले, तर डाफरली, "आत्या, सरक! आईच्या पायावर उभी आहेस."

मी सरकले. शिकलेली बाई आहे मी, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण डोळे मिटले की ती डावीकडे झुकते, खांदा टेकल्यासारखी, आणि पडत नाही. हे मी रोज बघते. आता मीही त्या जागेला वळसा घालून जाते.

गेल्या गुरुवारी ती रांग तशीच नव्या शाळेत नेली. थेट छपराखाली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी फक्त तिलीलाकडे बघत होते. ती हलली नाही. मावशी दारातून बघत होती. पुटपुटली, "फादमानंच आणली हो लेकीला आत," आणि पदराला डोळे पुसत निघून गेली. मी घरी जाऊन पोटभर रडले.

मग आता रडगाणं कसलं, असं म्हणशील. दादा, त्याच दिवशी तिनं उजव्या हाताला उभ्या राहणाऱ्या इत्तोलाही दूर ढकललं. आता तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे. मी विचारलं, इकडे कोण गं? "बाबा," म्हणाली. मला हसू आलं. म्हटलं, वेडाबाई, बाबा कॅसाब्लँकात आहे, दर शुक्रवारी फोनवर बोलतेस ना त्याच्याशी? ती माझ्याकडे बघत राहिली, मलाच काही कळत नसल्यासारखी. मग म्हणाली, "आईचा पण आवाज येतो की फोनमधून." फादमानं शेताहून आपल्या आवाजात फोनवर पाठवलेले ते जुने निरोप ती अजून लावून ऐकते रे. म्हणून फोन न करता हे पत्र बसवाल्या बहाच्या हातून पाठवलंय. तूही फोन करू नकोस. दफनाच्या दिवसापासून या वाटेला यायला तुझा पाय उचलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ये. तिच्या उजवीकडच्या त्या जागेवर येऊन उभा राहा, तिच्या खांद्याला तुझा खांदा लागू दे. पोर तुला मेलेल्यांत धरते आहे, दादा, आणि तू जिवंत आहेस.

वाट बघणारी,
तुझीच तूदा