ज्याचे पुतळे जाळले तो न्यायाधीश

बाबा, आज इथे लंडनजवळ, वॉटफर्डच्या लायब्ररीत अमेरिकेच्या पहिल्या सरन्यायाधीशाचं चरित्र दिसलं, आणि तुम्ही माझ्याकडे काढलेला तो एकच हिवाळा आठवला. टीव्हीवर सारखं इराकचं युद्ध, आणि तुम्ही, निवृत्त जिल्हा न्यायाधीश, किचनच्या खिडकीशी भिंग घेऊन हेच पुस्तक वाचत बसलेले. इकडे आमच्या मराठी मंडळात फूट पडलेली, शनिवारची मराठी शाळा बंद पडायच्या बेतात. मी सॉलिसिटर, म्हणून तडजोड करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. गणपती वेगवेगळे, शाळा मात्र एकत्र, असं मी ठरवून दिलं. शाळा वाचली, पण दोन्ही गटांना वाटलं, मी दुसऱ्यांची निघाले. फोन येईनासे झाले.

“या शनिवारी मी शाळेच्या हॉलवर जाणार नाही,” पोळ्या लाटता लाटता मी म्हणते.

तुम्ही पुस्तक मिटता. “हा माणूस इथे लंडनला आला होता, इंग्रजांशी तह करायला. युद्ध टळलं. पण हा इंग्रजांचाच निघाला म्हणून तिकडे अमेरिकेत लोकांनी गावोगाव त्याचे पुतळे जाळले.”

“मग?”

“मग काय, गव्हर्नर झाला, काम करत राहिला. पुढे सरन्यायाधीशपद पुन्हा देऊ केलं, तर नको म्हणाला आणि शेतावर राहायला गेला.” भिंग पुस्तकावर ठेवून तुम्ही म्हणता, “माझाही जाळला होता एकदा. कोर्टासमोर.”

माझं लाटणं थांबतं. सगळं गाव ज्याला खुनी म्हणत होतं, त्याला तुम्ही पुराव्याअभावी सोडलं होतं. लहानपणी, शाळा चालू असताना मला मावशीकडे का धाडलं होतं, ते मला तेव्हा, चाळिशीत कळलं.

“दुसऱ्या दिवशी कोर्टात गेलात?”

“त्या दिवशीच्या बोर्डावर केसेस लागल्या होत्या. न जाऊन कसं चालेल?”

शनिवारी आपण दोघं हॉलवर गेलो. आत मुलं बाराखडी म्हणत होती. मग जी बाई मला सगळ्यांत जास्त बोलली होती, तिनेच तुम्हाला चहा आणून दिला, आणि दुसरा कप माझ्यासमोर ठेवला. शाळा अजून चालू आहे, बाबा. तेव्हाची मुलं आता आपली मुलं घेऊन येतात.

हे पत्र कुठे पाठवणार? तरी एक सांगून टाकते. पुढे सगळे माझ्या धीराचं कौतुक करायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचे. खरं तर त्या सकाळी माझं जायचं ठरलंच नव्हतं. खाली आले, तर तुम्ही कोट-मफलर घालून दारात उभे होतात, आणि तुम्हाला परत आत बसा म्हणणं मला जमलं नाही.