माणूस असा पडत नाही

प्रिय बडबड्या,

खुशाली विचारत बसत नाही. तुझं तोंड रोज फोनवरच्या तुझ्या सिनेमाच्या व्हिडिओत दिसतं, म्हणजे खातोपितोयस हे कळतं. शाळा माझी चौथीत सुटली, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. फोनच केला असता, पण तू मध्येच बोलतोस. कागदाला मध्ये बोलता येत नाही.

त्या उडत्या मुखवटेवाल्याच्या सिनेमाने इथे नुसता उच्छाद मांडलाय. आपल्या इस्त्रीच्या दुकानात पोरं त्याचं चिन्ह छापलेले शर्ट घेऊन येतात. छाप्यावरून इस्त्री फिरवायची नसते, शर्ट उलटा करावा लागतो. हे मला आयुष्यभर माहीत आहे, तरी दीडशहाणे शिकवतात, मावशी जपून, देव आहे तो. देवाला इस्त्री लागते होय रे? परवा एकाने टेबलावर थाप मारून सांगितलं, घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडतो ना, ते आमच्या हिरोने स्वतः केलंय, आणि फोनवरचा तो टिनपाट त्याला खोटं म्हणतो, सापडू दे, दात पाडतो. टिनपाट म्हणजे तू. मी त्याचाच शर्ट सुलटा पसरला आणि चिन्हावरूनच इस्त्री फिरवली. जळक्या रबराचा वास सुटला. खूप भांडला. नवा शर्ट घेऊन दिला, पण वाईट वाटलं नाही.

शिकलेल्यांचंही वाचते मी, ज्या पेपरात कपडे गुंडाळते त्यातच येतं. एक म्हणतो सिनेमाला आत्मा नाही, दुसरा म्हणतो चमत्कार. हिरोचा फोटो सगळीकडे, कोपराला चिकटपट्टी लावून. बिचाऱ्याला खरचटलं म्हणे. आणि तू! तू तर पडण्याचा तुकडा थांबवून थांबवून दाखवलास. बघा, हात कसे वेडेवाकडे, मान कुठे, पाय कुठे, ही संगणकावरची बाहुली, माणूस असा पडत नाही. लोकांनी तुला डोक्यावर घेतलं, मग त्या भक्तांनी आईवरून शिव्या घातल्या. म्हणजे मलाच. तू रडत दादाला फोन केलास. त्याने काय सांगितलं आठवतंय? तुझंच बरोबर, बाहुलीच ती, मी सिनेमाच्या धंद्यातला आहे, मला विचार. फोन मी त्याच्या कानाला धरला होता. बोलणं संपल्यावर मला म्हणाला, आई, माझं तोंड भिंतीकडे कर.

पडायचं काम करणारा माणूस नीट पडतो रे. हनुवटी छातीशी, हात आवरलेले, पाठ गादीवर. लहानपणी दादा माळ्यावरून गाद्यांवर उड्या मारून तुलाही शिकवायचा, तू भित्रा, जिन्यातूनच बघायचास. तो जिन्यावरून घसरला, पाठ धरलीय, असं तुला सांगितलं ते खोटं. मनोऱ्यावरून पडताना मुखवट्यात तोच होता. कमरेचा दोर बांधलेला पट्टा वरच सुटला. हात वेडेवाकडे झाले, कारण धरायला काहीतरी शोधत होता. कॅमेरा चालूच होता. नंतर म्हणे तेच सगळ्यांना आवडलं, तेच ठेवलं. दवाखान्याचा भार सिनेमाची कंपनी उचलते, अट एकच, कोण पडलं ते कुठे बोलायचं नाही. बोललो की उपचार बंद. तुला सांगायचं नाही हे मात्र दादाचं. म्हणाला, त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि राहिलंच तर तो जन्मभर तेवढा तुकडा बघत बसेल.

मग आता का सांगते? रविवारी तू परत त्याच पडण्यावर बोलणार आहेस म्हणे, भक्तांची जिरवायला. बोलू नकोस. बाहुली म्हणालास की दादा हसतो, ते हसणं मला बघवत नाही. माणूस म्हणालास की त्याची औषधं जातील. तुझ्या जिभेचा या घराला काही उपयोग नाही, हातांचा आहे. त्याची कूस सारखी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आजवर मी एकटी करत होते. काल तो माझ्या हातून निसटला, कॉटवरून खाली. शेजारचा सुतार धावत येईपर्यंत मी जमिनीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि तोच मला समजावत होता, लागलं नाही गं, लागलं नाही. लागलं तरी त्याला कळत नाही आता. मला नाही रे उचलवत. ये. त्याने बोलावलेलं नाही, मी बोलावतेय. कशाला आलास विचारेल, तर सुट्टी होती म्हण, आणि डोळे कोरडे ठेवून म्हण. आम्हा दोघांना जमतं, तुलाही जमव.

तुझीच,
आई