शेवटची अकरा पानं

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? परीक्षा विभागात अजून तूच सगळ्यांच्या आधी पोचतेस का? (उगीच विचारत नाहीये, पुढे कळेल.)

मी डोक्यात राख घालून कॉलेज सोडलं, हे बाबांनी सांगितलंच असेल. कारण मात्र त्यांना ठाऊक नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एक बाई नाटकं लिहायची. सर म्हणाले, ही बाई सोडा, परीक्षेला येत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीचा चेहरा एवढासा झाला आणि तो मला बघवेना. मी सरांना नको नको ते बोललो, वही आपटली आणि चालता झालो. (बाईची एक ओळ मी वाचली नव्हती. ती मुलगीसुद्धा मागून "अरे, खाली बस ना!" म्हणत होती.)

मी बाहेर बसलो आणि तिनं आत राहून त्याच बाईवर एम.ए.चा प्रबंध लिहिला. नशीब बघ, टाइप करायला आणला तो मी कामाला लागलोय त्याच दुकानात! सोबत बाईच्या एका नाटकाचा तिनं केलेला अनुवाद. नायक बिचारा चार अंक खिडकीखाली झुरतो आणि पाचव्यात नायिका म्हणते, माझं घर माझं, माझं मनही माझं, निघा आता. आत्या, माझं टाळकंच सरकलं. शेवटची अकरा पानं मी माझ्या मनानं लिहिली. दोघांचं लग्न लावलं, वर दोन मुलं दिली.

प्रबंध परवा तुझ्या विभागात जमा झाला. सोमवारी तोंडी परीक्षा. परीक्षकांनी त्या मुलांबद्दल विचारलं तर ती काय सांगणार? तिचं वर्ष पाण्यात, आणि माझं तोंडही ती बघणार नाही.

तुझा लाडका (अजून असलो तर) भाचा

ता. क. खरी पानं टाइप करून सोबत जोडली आहेत. प्रबंधांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडेच असते ना?

ता. क. २. किल्लीला हात लावू नकोस! ती मुलगी आत्ताच दुकानात येऊन गेली. बाइंडिंगच्या आधीच तिनं माझी पानं काढून दुसरीकडून टाइप करून घेतली होती. फाडलीस का, विचारलं. म्हणाली, "छे, जपून ठेवलीत. बाईनं लिहिलेलं पुरुषाच्या हातात पडलं की काय होतं, त्याचा पुरावा आहे तो." पण जपून ठेवलीत, आत्या!

ता. क. ३. खरी पानं टाइप करताना पहिल्यांदाच नीट वाचली. नायिकेचंच बरोबर आहे. कॉलेजात पुन्हा नाव घालायचा फॉर्म पाठव. सरांची माफी मी मागेन. (बाई सोडल्याबद्दल त्यांनीही मागायला हरकत नाही.)