चौदा महिन्यांचा क्षार

३ मार्च, मंगळवार
सकाळचे ६ वाजून १० मिनिटे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे लिहिताना मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आहे. ओट्यावर मामांचं कॉफीचं यंत्र, त्याच्याखाली बशी, आणि बशीत मिनिटाला नऊ थेंब. दोनदा मोजले. यंत्र बंद करून दहा मिनिटं झाली तरी थेंब थांबलेले नाहीत.

फोन केला असता, पण फोनवर माझी वाक्यं पुढंमागं होतात. कागदावर तेवढी होत नाहीत.

ताई, यंत्र मी बिघडवलं. मामा जिन्यात पडले आणि तू त्यांना तुझ्याकडे नेलंस, त्या दिवशी निघताना ते मला म्हणाले होते की यंत्र आता तुझं. त्यांच्या उजव्या हाताची बोटं तेव्हा पिशवीचा बंदही धरत नव्हती. मी मनात ठरवलं की ते परत येतील तेव्हा यंत्र होतं त्याहून चांगलं असेल. रोज पुसलं. मग फडताळात त्यांची वही सापडली. इथलं पाणी जड, आत पांढरा थर धरतो, म्हणून महिन्यातून एकदा टाकीत लिंबूसत्त्वाचं पाणी भरून ते यंत्रातून काढायचं, वीस मिनिटं आत मुरू द्यायचं, मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या, असं त्यात लिहिलं आहे. प्रत्येक वेळची तारीख आहे. शेवटची तारीख गेल्याच्या गेल्या डिसेंबरमधली. त्यापुढे कोरं.

म्हणजे चौदा महिने राहिले होते. मी विचार केला की राहिलेलं भरून काढावं. सतरा फेब्रुवारीपासून रोज एकदा, असं चौदा वेळा केलं. लिंबूसत्त्व कामावरच्या गोदामातल्या पार्सलच्या काट्यावर मोजून आणायचो, पाकिटाचं वजन वजा करून. अकराव्या दिवशी पहिला थेंब दिसला. मला वाटलं, अजून बाकी आहे म्हणून. उरलेले तीन दिवस जास्तच काळजीने केलं.

खालच्या शिवणवाल्या काकू आणि पोस्टमनकाका साडेसहाला आपापले कप घेऊन येतात. मामा नसतानाही मी त्यांना रोज कॉफी देत होतो. आज काय सांगू?

मामांना यातलं काही कळू देऊ नकोस. वहीतली शेवटची चार पानं वाकड्या अक्षरांत आहेत. पेन खराब असावं. बाकी वही जपून ठेवली आहे.

रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबू नकोस, ही विनंती.

तुझा,
मोजपट्टी


८ मार्च, रविवार

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आशीर्वाद.

चौदा दिवसांत चौदा वेळा! अरे, दोन आठवडे ताप आल्यावर माणूस बरा झाल्या दिवशी अठ्ठावीस जेवणं जेवतो का? तुझं पत्र मी भाजी चिरता चिरता वाचलं आणि हसून बोट कापायची राहिले. मग वहीचं वाचलं आणि हसू गेलं.

पेन खराब नव्हतं रे. चौदा महिने! म्हणजे तुझ्या मामांची, माझ्या बाबांची, बोटं जिन्यात पडल्यावर गेली नाहीत. ती आधीपासूनच जात होती, आणि त्यांनी ना तुला सांगितलं ना मला. कदाचित कठड्यावरचा हात सुटला म्हणूनच ते पडले.

आता माझं ऐक. इथे ते खिडकीशी बसतात. ऐकू कमी येतंच, पण आता ऐकायचंही नाही असं दिसतं. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू जिथे ठेवला तिथे आहे, त्यावर धूळ बसली. घराचं विचारलं तर म्हणतात, सोडून टाक, माझ्या हातांना आता तिथे काम नाही. घरमालकाला पंधरा एप्रिलपर्यंत काय ते कळवायचं आहे. मी तुला हे सांगणार नव्हते, कारण घर सुटलं तर तुझी खोलीही सुटेल आणि तू त्या काळजीने वाळशील. पण तू तरी कुठे लपवलंस!

तू सांगू नकोस म्हणालास आणि मी सांगितलं. खरं तर सांगितलं नाही, त्यांनीच माझ्या हातातून पत्र ओढून घेतलं, चष्मा मागितला आणि दोनदा वाचलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा चष्मा मागितला. मग कागद मागितला. सोबत जोडला आहे. डाव्या हाताने लिहिलाय, सगळी संध्याकाळ लागली. मला वाचू दिला नाही.

नीट जेवत जा. माया आहे तशीच आहे, मोजून पाहू नकोस.

तुझी,
ताई


(त्याच पाकिटात)

मोजपट्टीस आशीर्वाद.

डावा हात आहे, अक्षराला हसू नकोस.

तू यंत्र बिघडवलं नाहीस. एकतीस वर्षं मी धुलाईच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला, हे मला नाही कळणार तर कोणाला? यंत्राच्या आत मुठीएवढा बॉयलर आहे. त्याच्या दोन्ही टोकांना झाकणं, प्रत्येक झाकणाखाली एक रबरी रिंग. त्या रिंगा केव्हाच मेल्या असणार. वाळून दगड झाल्या असतील. इतके दिवस पाणी अडवून धरलं होतं ते क्षाराने. थर साचला, त्यानेच फट बुजली. तू थर काढलास, फट उघडी पडली. कारखान्यातही असंच व्हायचं. साफ केल्यावर गळायला लागलं की नवा साहेब सफाईवाल्यावर ओरडायचा आणि जुना साहेब रिंग मागवायचा.

तू चौदा वेळा केलंस हा गाढवपणाच. पण एकदाच, नीट केलं असतंस तरी ते गळलंच असतं.

वहीचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. टाकी भरून उचलायला दोन हात लागतात. माझा एक येईनासा झाला. तुला हाक मारली असती तर तू आला असतास, आणि मग सगळ्याच गोष्टींना हाक मारावी लागली असती. म्हणून केलंच नाही. तारीख खोटी लिहिली नाही, एवढंच.

आता खोल. आधी वायर भिंतीतून काढ. ती काढून खिशात घाल म्हटलं तर तू खरंच घालशील, म्हणून नुसती काढ. मागचे सहा स्क्रू, मग वरचं झाकण. खाली चित्र काढलं आहे, ते बटाट्यासारखं दिसतंय तो बॉयलर. जुनी रिंग दुकानात घेऊन जा, तोंडी माप सांगू नकोस.

जमलं तर लिही. नाही जमलं तर लवकर लिही.

मामा


१५ मार्च, रविवार
दुपारचे २ वाजून ४० मिनिटे

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

वायर काढली आणि खिशात घातली, कारण टाकी रिकामी करताना ती मध्ये येत होती. तुमच्या सांगण्यामुळे नव्हे.

सहा स्क्रू बटाटे ठेवायच्या ताटलीत ओळीने मांडले आणि प्रत्येकाखाली कागदावर जागा लिहिली. चित्र बरोबर होतं. बॉयलर खरंच बटाट्यासारखा आहे. रिंगा तुम्ही म्हणालात तशाच निघाल्या. एक तर निघताना बिस्किटासारखी मोडली. झाकणाच्या कडेला पांढरं कडं राहिलं होतं, लाकडी चमच्याच्या दांड्याने काढलं. पत्र्याला ओरखडा नाही. आतून बॉयलर इतका स्वच्छ आहे की त्यात माझं नाक दिसतं.

आधी यंत्र-दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार न बघताच म्हणाला की असलं जुनं कोणी खोलत नाही, भंगारात द्या, नवं दाखवतो. मी म्हणालो की मी ते आधीच खोललं आहे. तो म्हणाला, मग लावूनही तूच दाखव. मी हो म्हणालो. माझ्या तोंडून ते कसं निघालं कळलं नाही.

नळाच्या सामानाच्या दुकानात मोडलेले तुकडे जुळवून दाखवले. बाईंनी तीन खोके शोधून माप काढलं. गरम पाण्याला आणि खाण्यापिण्याच्या वस्तूला चालणाऱ्याच आहेत हे दोनदा विचारून घेतलं. त्या सुट्या देत नाहीत, दहांचं पाकीट घ्यावं लागलं.

आता रिंगा बसवल्या आहेत. प्रत्येक झाकणाच्या चार बोल्टांपैकी एक पूर्ण आवळून मग दुसरा, की सगळे थोडे थोडे? वहीत हे नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत हात लावणार नाही. काकू विचारतात की कॉफी कधी, त्यांना मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की तुमचं डाव्या हाताचं अक्षर उजव्याहून बरं आहे.

इथली काळजी नसावी. तिथून एक ओळ तरी येत राहावी.

आपला,
मोजपट्टी


२० मार्च

मोजपट्टीस आशीर्वाद.

सगळे थोडे थोडे. आणि शेजारचा नव्हे, समोरचा. एक इथला, एक तिरपा पलीकडचा. झाकण सरळ बसलं पाहिजे. हात दुखेपर्यंत आवळू नकोस, रिंग दबली की बस. नाहीतर तू पुन्हा चौदा वेळा आवळशील.

दुकानदाराला लावूनच दाखव.

काकूंना सांग, माझ्या अक्षरावर बोलण्याआधी माझ्या पँटची शिवण सरळ घाला. झाल्यावर त्यांनाच बोलवून यंत्र चालू कर. माझं काही काम उरलं नाही. ताई म्हणते म्हणून चेंडू दाबतो आहे, तिची कटकट थांबावी एवढ्यासाठी. काल अकरा वेळा दाबला.

मामा


२५ मार्च, बुधवार
संध्याकाळचे ७ वाजून ५ मिनिटे

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तिरपे आवळले. झाकणं सरळ बसली. मागचे सहा स्क्रूही आपापल्या जागी गेले, एकही उरला नाही. यंत्र तयार आहे.

पण मी ते चालू केलेलं नाही, आणि करणारही नाही.

वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही लाल शाईने लिहिलं आहे: नवी रिंग घातलेला बॉयलर एकट्याने पहिल्यांदा तापवायचा नाही. एकाने स्विचशी उभं राहायचं, एकाने बॉयलरशी. बॉयलरशी उभा राहणारा जाणता हवा. खाली दोन रेघा आहेत.

तुम्ही सांगितलंत म्हणून काकूंना बोलावलं होतं. मी त्यांना हे पान वाचून दाखवलं आणि विचारलं की त्या जाणत्या आहेत का. त्या प्रामाणिकपणे नाही म्हणाल्या. पोस्टमनकाकांनाही विचारलं. ते म्हणाले की त्यांना फक्त पाकिटातलं कळतं, तेही बाहेरून. मी स्वतः जाणता नाही, हे चौदा वेळा सिद्ध झालं आहे. मी स्विचशी उभा राहू शकतो.

यात माझा कसलाही डाव नाही. नियम तुमचा आहे. तो बदलायचा असेल तर तसं लिहून कळवावं, मी वहीत तारखेसह नोंद करीन. तोवर यंत्रावर फडकं घालून ठेवलं आहे.

तुमची खोली रविवारी झाडली. जिन्याच्या कठड्याला काकूंनी जाड दोरीचा पीळ गुंडाळून दिला आहे, हात सुटत नाही. मी उजवा हात अर्धवट उघडा ठेवून तीनदा वरखाली करून पाहिलं.

वाट पाहतो. पत्राची किंवा दुसऱ्या कशाची.

आपला,
मोजपट्टी


५ एप्रिल, रविवार
सकाळचे ८ वाजून २० मिनिटे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मामा काल दुपारी सुखरूप पोचले. पिशवी मी धरली, कठडा त्यांनी. दर तीन पायऱ्यांनी थांबून ते मला शिव्या देत होते की एवढ्या लांब एका स्विचसाठी आणलं. तुलाही दिल्या. तू त्यांना अडवलं नाहीस आणि त्यांच्या बॅगेत स्वतःहून तीन महिन्यांचे कपडे भरलेस, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते त्यांनी रात्री स्वतःच मोजले.

आज सकाळी सहाला यंत्र चालू केलं. मी स्विचशी, ते यंत्राशी. काकू आणि पोस्टमनकाका दाराबाहेर, कप हातात घेऊन, नियमाप्रमाणे. मामांना पंपाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते कारखान्यात करायचे तसं त्यांनी यंत्राच्या पत्र्यावर पंजा टेकवला. ताई, त्यांनी उजवा पंजा टेकवला. डावा हात मला खूण करायला वर धरला होता, म्हणून उजवा उरला. मी बटण दाबलं. ते डोळे मिटून उभे राहिले. मी बशीकडे पाहत होतो. मग ते म्हणाले की थरथर कळते आहे. सगळ्या बोटांना नाही, पण अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला कळते आहे. तसेच बराच वेळ उभे राहिले. पत्रा गरम झाला तेव्हा मीच त्यांचा हात बाजूला केला.

बशीत पंचवीस मिनिटांत एकही थेंब नाही.

पहिला कप फेकून द्यायचा असतो, तो पोस्टमनकाकांनी पिऊन टाकला. काकूंनी दुसरा घेतला आणि मामांच्या पँटचं माप घेतलं. मामा म्हणाले की टाकी उचलायला यापुढे मला हाक मारतील, फक्त मी ती चौदा वेळा उचलू नये. घरमालकाला काय कळवायचं हे विचारलं, तर म्हणाले की माझं यंत्र इथे आहे, मी कुठे जाऊ? मी आठवण केली की निघताना त्यांनी ते मला दिलं होतं. त्यावर ते म्हणाले की मग तुझ्याकडे पाहुणा म्हणून राहतो. तेव्हा कृपा करून मालकांना घर ठेवत असल्याचं कळव. पंधरा तारखेला दहा दिवस आहेत, पण तू आजच कळव.

वहीत त्या डिसेंबरनंतर, म्हणजे सोळाव्या महिन्यात, आजची नोंद झाली. मामा सांगत गेले, मी लिहिली. खाली सही त्यांनी केली, डाव्या हाताने.

शेवटी रिंगांचा हिशेब, तो चुकायला नको म्हणून इथे लिहितो. आणल्या दहा. लागल्या दोन. शिल्लक आठ. एक जोडी पाच वर्षं टिकते, म्हणजे आत्ताची एक आणि उरलेल्या चार मिळून पंचवीस वर्षं. मामा आता अडुसष्टचे आहेत. मी त्यांना हिशेब वाचून दाखवला. त्यांनी मनात एकदा मोजून पाहिलं आणि म्हणाले की बरोबर आहे, त्र्याण्णवाव्या वर्षी पुढचं पाकीट ताईला आणायला सांग.

तरी तेवढं लक्षात ठेवावं.

तुझा,
मोजपट्टी