दोन फांद्या आणि एक नाक

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार, सकाळ

तीर्थस्वरूप मुक्ताअक्का,

धाकट्या गेनूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, दाजींची साखर आणि तुमच्या मांजरी गावचा ऊस, तिघांचीही प्रकृती बरी असावी (उसाची साखर चढावी आणि दाजींची उतरावी, एवढंच देवाकडे मागणं). माझं म्हणशील तर मी मजेत आहे. हे वाक्य लिहिताना चार वेळा शिंकलो, म्हणून अक्षर हललेलं दिसेल. त्यातून म्हातारपणाचा अर्थ काढू नकोस.

जूनमध्ये आमच्या सोसायटीची बैठक झाली. शेजारचे अभय जोगळेकर उठले आणि म्हणाले की आवारातल्या सप्तपर्णीच्या दोन फांद्या खिडक्यांत शिरल्या आहेत, दिवाळीच्या सुमारास झाड फुललं की आमच्या लेकीला, नीरजाला, शिंका आवरत नाहीत, तेव्हा रीतसर परवानगी काढून तेवढ्या दोन छाटू या. दोनच फांद्या, अक्का. शहाण्या माणसानं 'बरं' म्हटलं असतं. पण समोर मांडलेल्या वीस खुर्च्या आणि त्यांवर बसलेली माणसं पाहिली की माझं काय होतं, ते तुला ठाऊक आहे (लहानपणी तू म्हणायचीस, "गेन्या बोलाया लागला की म्हशी पान्हा चोरत्यात"). मी उठलो आणि चाळीस मिनिटं बोललो. वेदांपासून वनस्पतिशास्त्रापर्यंत सगळं काढलं. नाकासाठी झाड कापायचं, तर उद्या डोळे दिपतात म्हणून सूर्य विझवा, असं विचारलं. पन्नास वर्षांत या ओठांतून एकही गोळी आत गेलेली नाही, कारण मी झाडांच्या सावलीत वाढलो, असं सांगितलं. आणि शेवटी, माझ्या देखत या झाडाचं एक पान जरी तोडलंत, तर मी या वास्तूत राहणार नाही, असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. जोगळेकर खाली बसले. आमच्या चिटणीस पूर्णिमाताईंनी माझा शब्द न् शब्द इतिवृत्तात उतरवून घेतला. आमच्याकडे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचतात, त्यामुळे इथे बोललेलं हवेत विरत नाही.

आता एक बारीकसा तपशील. मी या घरात गेल्या डिसेंबरअखेर राहायला आलो, म्हणजे या झाडाचा फुलोरा मी पाहिलेलाच नव्हता. आणि त्या दोन फांद्यांपैकी एक नीरजाच्या खिडकीत जात असली, तरी दुसरी माझ्या खिडकीत येते, हे भाषणाच्या भरात लक्षात आलं नव्हतं.

दसरा झाला आणि झाड फुललं. पहिल्या संध्याकाळी मी खिडकी सताड उघडून तो वास छातीभर घेतला. दुसऱ्या दिवशी डोळे टोमॅटोसारखे झाले आणि एका दमात एकोणीस शिंका आल्या. ग्रंथ सांगतात की या झाडावर उगाच आळ घेतला जातो, दोष बहुधा गवतांचा आणि धुळीचा असतो. असेल. पण माझ्या नाकानं ते ग्रंथ वाचलेले नाहीत.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ती चिठ्ठी मी पाकिटात घडी करून ठेवली आहे. गोळी घेणं म्हणजे इतिवृत्त खोटं पाडणं. मग मंडईत जाऊन धुरीसाठी ओवा आणला. (तिथे मेथीच्या जुड्यांसमोर शिंकलो, तर सुंदराबाई भाजीवाल्या शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, भाजीवर पाणी मी मारते, तुम्ही राहू द्या.") धुरीनं शिंका दुप्पट झाल्या आणि वरच्या मजल्यावरचे लोक काही जळतंय का ते पाहून गेले. मग एका पुस्तकात वाचून मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला गेलो. मीठ अंदाजानं घातलं. अक्का, मी आयुष्यात अनेक सभा गाजवल्या, पण अशी किंकाळी माझ्या तोंडून कधी निघाली नव्हती.

ती ऐकून नीरजा धावत आली. मोरीतला देखावा पाहिला आणि म्हणाली, "काका, मीठ आमटीच्या अंदाजानं घालायचं नसतं."

तिला गोळी चालत नाही. सकाळी सातला ती क्लासमध्ये गणित शिकवते, आणि गोळी घेतली की फळ्याशीच डुलकी लागते. तिनं मला सगळं बसवून सांगितलं. पाणी उकळून कोमट करायचं, मीठ चमच्यानं मोजायचं. दिवेलागणीच्या आत खिडक्या लावायच्या. बाहेरून आलं की तोंड धुवून कपडे बदलायचे. चादरी गॅलरीत वाळत घालायच्या नाहीत. बाहेर पडताना मास्क. मी विचारलं, हे सगळं कुठे वाचलंस? ती म्हणाली, "वाचलं नाही. तीन वर्षं शिंकले."

चाळीस मिनिटांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, बाई, तुला होतं तरी काय. आता एकोणिसाच्या सात शिंका झाल्या आहेत आणि भिंतीपलीकडून ती शिंकली की मी इकडून 'शतायुषी भव' म्हणतो.

असो. बऱ्याच दिवसांत तुला पाहिलं नाही. या रविवारी मांजरीला यावं आणि मंगळवार संध्याकाळपर्यंत राहावं, असं फार मनात आहे. भावाची माया, दुसरं काही नाही.

तुझा धाकटा,
गेनू

ता. क. खोटं कशाला लिहू. रविवारी पुन्हा बैठक आहे आणि त्याच दोन फांद्यांचा विषय आहे. जोगळेकरांनी मागितलेली महापालिकेची परवानगी आली आहे, बैठकीची मंजुरी मिळाली की सोमवारी माणसं येतील. मी हजर असलो तर मला विरोध करावा लागेल, कारण जूनचं भाषण आधी वाचलं जाणार. आणि केला तर ते ऐकतील, हीच भीती आहे. काल नीरजा इतिवृत्ताची वही घेऊन आली, एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "काका, यात 'माझ्या देखत' असं लिहिलंय." मग वही मिटून म्हणाली, "रविवारी कुठे बाहेरगावी जाणार आहात का?"

ता. क. २. तेव्हा दाजींनी शनिवारी पूर्णिमाताईंना फोन करून मला तातडीनं बोलावून घ्यावं. कारण आजारपणाचं नको, लोक फळं घेऊन मागे येतात. गावात सभा आहे आणि वक्ता मिळत नाही म्हणावं, लगेच पटेल. सभा मात्र ठेवू नका.

ता. क. ३. तुमच्या वास्तुशांतीला मी अंगणात एक रोप लावलं होतं आणि जेवणं थांबवून त्यावर पाऊण तास बोललो होतो. ते कसलं होतं ते आठवत नाही, असं लिहिणार होतो, पण आठवतंय. सप्तपर्णीच. आता केवढी झाली? पाहुण्यांच्या खोलीकडे एखादी फांदी जात असेल, तर तुमच्या भैरू गड्याला सांगून मी यायच्या आत छाटून घे. माझ्या देखत नको.