जास्तीचा काना

काळाचौकी,
९ जानेवारी २०२५

चि. प्रितीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

फोटो मोबाईलवर पाठवले आहेत. त्यांच्याखाली लिहायचे शब्द मात्र पत्रानेच कळवतो, कारण त्या पडद्यावर माझं बोट एकीकडे जातं आणि अक्षर भलतंच उमटतं. घराच्या मागचंच काढा, असले फोटो लोक वेबसाईटवरून विकत घेतात, असं तू म्हणालीस तेव्हा हसू आलं. चाळीमागच्या हातभर जागेत विकण्यासारखं काय असणार? तरी काढले.

धुण्याचा दगड: साबण, पाणी, सकाळ, सुंदरा.
रंगाच्या डब्यातला गवती चहा: पान, हिरवं, सुंदरा.
कपड्यांची दोरी: चिमटे, ऊन, सुंदरा.

इंग्रजी तूच कर. तुझी आजी गेल्यापासून मागचं दार उघडतच नव्हतो. आता रोज उघडतो आणि ऊन कुठवर आलं ते बघत बसतो. बोलायला कुणी नाही, पण वेळ जातो. जेवणाची हयगय करू नकोस. म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा आजोबा,
बाबुराव

पुणे,
१८ जानेवारी

ती. आजोबांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुम्ही तर सॉलिड फोटोग्राफर निघालात. दगडाचा फोटो एकदा विकला गेलासुद्धा. पण एक तक्रार आहे. दिसेल त्याला तुम्ही सुंदर म्हणता, तेही काना जास्तीचा लावून. मी आपलं इंग्रजीत ‘ब्युटिफुल’ लिहिलं, तर वेबसाईटवाल्यांनी ताकीद दिली, की फोटोत जे दिसतं तेच लिहा, नाहीतर खातं बंद. शेवाळलेल्या दगडाला कोण सुंदर म्हणेल, आजोबा? तो शब्द मी सगळीकडून काढून टाकलाय. रागावू नका. कामातून मुंबईला येणं जमत नाही, तरी लोभ कमी करू नये.

तुमची,
प्रिती

काळाचौकी,
२५ जानेवारी

चि. प्रितीस,
आशीर्वाद आणि जयभीम.

काना जास्तीचा नाही. ते तुझ्या आजीचं नाव आहे. लग्नात माझ्या वडिलांनी हौसेने यशोधरा ठेवलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. माहेरचं तिचं आता कुणी उरलं नाही. सुंदरा म्हणणारा मी एकटाच, तेही मागच्या दारात, हळू आवाजात, चाळीत ऐकू जाऊ नये म्हणून. ती दगडावर धुणं धूत असायची. मी हाक मारली की साबणाच्या हातानेच गप्प बसा म्हणून खूण करायची.

फोटोत ती दिसत नाही, हे त्यांचं बरोबर आहे. मला दिसते. माझ्यामागे हे नाव कुणाला ठाऊकही नसेल, म्हणून वाटलं, कुठेतरी लिहिलेलं राहू दे. नियमात बसत नसेल तर फोटो परत घे पोरी, मला विकायचे नाहीत. हल्ली फार एकटं वाटतं. फोनवर हे सांगता आलं नसतं.

तुझा,
आजोबा

पुणे,
३१ जानेवारी

ती. आजोबांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र ऑफिसात उघडलं आणि सगळ्यांसमोर रडले. आजीला मी जन्मभर आजी म्हटलं, तिचं माहेरचं नाव विचारावंसं कधी वाटलं नाही.

फोटो परत घेतले नाहीत. खालच्या शब्दांत नाव चालत नाही, पण फोटोला शीर्षक आपण देऊ ते चालतं. आता तिथे लिहिलंय, सुंदराचा दगड, सुंदराचा गवती चहा, सुंदराची दोरी. इंग्रजीत लिहिलं, पण काना ठेवलाय.

पुढच्या शनिवारी येते. मागच्या दारात बसू. ती हाक तुम्ही कशी मारायचात, मला ऐकायची आहे. या वेळी मोठ्याने मारा, चाळीला ऐकू जाऊ दे.

तुमची आणि सुंदराची नात,
प्रिती